घरपट्टी, दिवाळं आणि आईचं नाव

(तालुक्यातल्या महिला मंडळांच्या आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या दोन दिवसांच्या निवासी शिबिरातलं हे भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘स्त्रिया आणि मालमत्तेचे हक्क’ असा छापला आहे. या विषयावर मी गेली दहा-बारा वर्षं बोलते आहे. समाजकार्यात एम. ए. केलं तेव्हा यावर पेपर लिहिला, पुढे गावोगाव तक्ते लावून शिबिरं घेतली. घरावर बाईचं नाव हवं, सातबारावर हवं, वारस नोंद वेळेत करा, हे सगळं तुमच्यापैकी कित्येकींनी माझ्याच तोंडून ऐकलं असेल. आज मात्र मी तक्ते आणलेले नाहीत. आज माझ्या आईच्या पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीबद्दल सांगणार आहे. हे सांगायला मला लाज वाटते, म्हणूनच सांगायचं ठरवलं.

माझं माहेर नगरपालिका असलेल्या एका लहान गावातलं. दोन खोल्या, पुढे ओटा. ओट्यावर वडिलांचं शिलाईचं मशीन. एके काळी दिवाळीच्या आधी आमच्याकडे रात्री दोनपर्यंत मशीन चालायचं. पुढे तयार कपड्यांची दुकानं आली आणि शिवून घेणारे कमी झाले. वडिलांनी पतपेढीचं कर्ज काढून स्वतःच तयार कपड्यांचं दुकान टाकलं. ते तीन वर्षांत बसलं. पतपेढीचं देणं राहिलं, कापडवाल्याची उधारी राहिली, काही हातउसने राहिले. २०१९ मध्ये वडील गेले.

२०२३ च्या एप्रिल महिन्यात आईचा फोन आला. आई कधी कामाच्या वेळी फोन करत नाही. म्हणाली, “तुला वेळ असेल तर येऊन जा. नगरपालिकेची माणसं आली होती. मशीनकडे बोट दाखवून गेली.”

मी गेले. आईने काही न बोलता पेटी ओढून पुढे केली. तिच्यात लग्नाचा शालू, वडिलांचा चष्मा, आणि खाली दोऱ्याने बांधलेला कागदांचा गठ्ठा. घरपट्टीची बिलं आणि मागणीच्या नोटिसा. बरीचशी पाकिटं फोडलेलीही नव्हती. मी विचारलं, “आई, तू मला कधी सांगितलं का नाहीस?” तर ती म्हणाली, “त्याच्यावर यांचं नाव आहे. यांचं पत्र मी कशाला फोडू?”

माणूस जाऊन चार वर्षं झाली होती. नगरपालिका मेलेल्या माणसाच्या नावाने मागणी पाठवत होती आणि त्याची बायको ती न फोडता जपून ठेवत होती. आणि त्यांची मुलगी शेजारच्या तालुक्यात वारस नोंदीवर भाषणं देत होती.

आता आकड्यांकडे येऊ. आपण बायका आकडे आले की मागे सरकतो, म्हणून मी ते सावकाश सांगते. आमच्या घराची पट्टी वर्षाला २,४०० रुपये. २०१२-१३ पासून २०२२-२३ पर्यंत अकरा वर्षांची थकबाकी दाखवली होती. म्हणजे मुद्दल २६,४०० रुपये. पण नोटिशीत आकडा होता ६४,४१६ रुपये. उरलेले ३८,०१६ रुपये कसले? ती ‘शास्ती’. नगरपालिकेच्या बिलाची मुदत टळली की थकलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. महिन्याला दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. वर्षाला ते चोवीस टक्के होतात. २,४०० च्या बिलावर एका वर्षाचे ५७६ रुपये. अकरा वर्षांपूर्वीच्या बिलावर अकरा वेळा ५७६, दहा वर्षांपूर्वीच्यावर दहा वेळा, अशी बेरीज करत या. अकरा अधिक दहा अधिक नऊ असं एकपर्यंत आलं की सहासष्ट होतात. सहासष्ट गुणिले ५७६. मुद्दलापेक्षा शास्ती मोठी. सावकाराला आपण नावं ठेवतो, त्याचा दर आठवून बघा.

त्यातच वडिलांच्या बाकी देण्यांचे कागदही त्याच पेटीत निघाले. सगळं मिळून दोन लाखांच्या वर जात होतं. आई महिन्याला फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवून पाच-सहा हजार मिळवते. त्या रात्री आम्ही दोघी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी नात्यातलं एक वडीलधारं माणूस आलं. फार प्रेमाने बोलले. म्हणाले, “वहिनी, तुम्ही काही काळजी करू नका. घरपट्टीचं सगळं मी भरून टाकतो. तुम्ही राहताय तशा राहा. फक्त तुम्ही आणि पोरींनी हक्कसोडपत्रावर सह्या करून द्या, म्हणजे कागद एका जागी राहतील.” त्या दोन खोल्यांच्या जागेला आजच्या भावाने काय किंमत येईल ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. चौसष्ट हजारांत ते घर मागत होते. आणि मैत्रिणींनो, आई सही करायला तयार झाली होती. ती म्हणाली, “निदान दारात माणसं तरी येणार नाहीत.”

हे मी मुद्दाम सांगते. घरपट्टी थकली म्हणून नगरपालिकेने घर लिलावात काढलं, असं क्वचितच ऐकू येतं. पण घरपट्टी थकली म्हणून बाईने सही करून घर सोडलं, हे मी गेल्या दहा वर्षांत अनेकदा पाहिलं आहे. तेव्हा मी त्याला ‘कौटुंबिक वाद’ असं नाव देऊन वहीत नोंदवत होते.

आता दिवाळ्याची गोष्ट. माझ्या डोक्यात तेव्हा आलं की आपण दिवाळं का जाहीर करू नये? वर्तमानपत्रात रोज वाचतो, अमुक कंपनी दिवाळखोरीत गेली, बँकांनी निम्म्याहून जास्त कर्जावर पाणी सोडलं. कंपनीला चालतं ते माझ्या आईला का चालू नये? मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. तिथे मिळालेल्या वकीलबाईंनी मला तास-दीड तास बसवून कायदा समजावून सांगितला. त्यातलं सार तुम्हाला सांगते, कारण हा प्रश्न मला नंतर आणखी तिघी-चौघींनी विचारला आहे.

पहिली गोष्ट. कंपन्यांच्या दिवाळखोरीचा कायदा २०१६ चा. त्यात साध्या माणसासाठीही एक भाग लिहिलेला आहे. त्यात गरीब कर्जदारासाठी ‘नवी सुरुवात’ अशी तरतूदही आहे. पण तो भाग तुमच्या-माझ्यासारख्या व्यक्तींना अजून लागूच केलेला नाही. कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरताच तो डिसेंबर २०१९ पासून सुरू झाला. आणि समजा उद्या लागू झाला, तरी ‘नवी सुरुवात’ कोणाला मिळणार? ज्याचं वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत, आणि ज्याच्या मालकीचं राहतं घर नाही, त्याला. घर नसेल तर नवी सुरुवात! मग घरपट्टी थकलेल्या बाईने त्या दारात जायचं कशाला? घर आहे म्हणून तर घरपट्टी आहे.

दुसरी गोष्ट. तोवर आपल्याला जुनाच कायदा. मुंबई शहरासाठी १९०९ चा आणि बाकी ठिकाणी १९२० चा नादारीचा कायदा, दोन्ही इंग्रजांच्या वेळचे. ‘नादारी’ हा शब्द आपल्यातल्या थोड्या वयस्कर बायकांना शाळेतला म्हणून आठवेल. गरिबाच्या मुलाला फी माफ व्हायची, तिला नादारी म्हणत. मला वाटलं, इथेही तसंच काही असेल. पण कायद्यातली नादारी म्हणजे माफी नव्हे. अर्ज मंजूर झाला की कर्जदाराची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. ती विकून सर्व देणेकऱ्यांना वाटतात. आणि वाटपात पहिला मान कोणाचा? सरकारचा आणि स्थानिक संस्थेचा. म्हणजे ज्या घरपट्टीतून सुटायला आपण नादार व्हायचं, तीच घरपट्टी घर विकून सगळ्यांच्या आधी वसूल व्हायची. वकीलबाई म्हणाल्या, “ताई, तुम्ही घर वाचवायला आलात आणि घर द्यायचा अर्ज मागताय.”

याच कायद्यात आपल्या कामाची आणखी एक तरतूद आहे, ती लिहून घ्या. नादारीतून मुक्त झालेल्या माणसाची बहुतेक देणी सुटतात, पण काही सुटत नाहीत. न्यायालयाने ठरवलेली पोटगी त्यात येते. ‘मी आता दिवाळखोर झालो, तुला काही मिळणार नाही’ अशी धमकी नवरा देत असेल, तर त्याला सांगा की नादारीने पोटगी माफ होत नाही.

तिसरी गोष्ट राजकारणाची. या जुन्या कायद्यानुसार नादार ठरलेल्या व्यक्तीला स्थानिक संस्थेच्या निवडणुकीत निवडून येता येत नाही. आपण १९९३ पासून एक तृतीयांश आणि आपल्या राज्यात २०११ पासून निम्म्या जागांसाठी भांडून पुढे आलेल्या बायका आहोत. आपल्या गटातल्या बाईने नादारीचा विचार करण्याआधी हेही तिला ठाऊक असायला हवं.

थकबाकीचंही तसंच. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये लिहिलं आहे की कराचं बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्यत्वाला अपात्र. आणि त्याखालच्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की एकत्र कुटुंबातल्या एकाने थकवलं तरी घरातले सगळे अपात्र. सासऱ्याने पट्टी थकवायची, बिल त्याच्या नावाने यायचं, आणि पद जायचं सुनेचं. आमच्या भागात राखीव जागेवर उभ्या राहू पाहणाऱ्या एका ताईंना अर्ज भरायच्या चार दिवस आधी हे कळलं. बिल त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. गटातून पैसे उचलून त्यांनी आदल्या दिवशी भरले. नामनिर्देशनाच्या दिवसाआधी भरलं तर ही अपात्रता लागत नाही, एवढी सोय कायद्यात आहे म्हणून बरं. नाहीतर विरोधक कागद घेऊन तयारच होते.

मग दिवाळं नाही तर काय? आम्ही काय केलं ते क्रमाने सांगते.

आधी आईने एक-एक पाकीट फोडलं. मी फोडलं नाही, तिनेच फोडलं. मी फक्त वर्षाप्रमाणे लावत गेले. त्या गठ्ठ्यात खाली दोन पावत्या निघाल्या, २०१४-१५ आणि २०१५-१६ च्या. वडिलांनी ती दोन वर्षं भरली होती! पण नोंदवहीत ती जमा झालेली नव्हती. आम्ही मागणी नोंदवहीचा उतारा माहितीच्या अधिकारात मागितला. तो हातात आल्यावर पावत्यांच्या प्रती जोडून लेखी अर्ज दिला. पाच खेपा झाल्या. कारकून म्हणाले, “मावशी, जुन्या पावत्या चालत नाहीत.” आई म्हणाली, “जुनी थकबाकी चालते, मग जुनी पावती का नाही चालत?” हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. शेवटी ती दोन वर्षं कमी झाली. मुद्दल ४,८०० आणि त्यावरची शास्ती ९,७९२, म्हणजे १४,५९२ रुपये एका झटक्यात गेले. राहिले ४९,८२४. त्यात मुद्दल २१,६००.

मग बाकीच्या देण्यांचा निकाल लावला. वकीलबाईंनी विचारलं, “पतपेढीच्या कागदावर आईंची सही आहे का? कर्जदार म्हणून, जामीनदार म्हणून?” नव्हती. तेव्हा त्या म्हणाल्या की नवऱ्याच्या मागे राहिलेलं देणं बायकोच्या मिळकतीवर चढत नाही. त्याच्याकडून वारशाने जे आलं असेल, तेवढ्यापुरतंच ते वसूल होऊ शकतं. तिची शिलाईची कमाई, तिचं स्त्रीधन हे तिचं. आई आजवर कापडवाल्याला दर महिन्याला पाचशे देत होती, कारण तो सांगायचा, “तुमच्या मालकाचं तुम्हालाच फेडावं लागणार.” यात तिने किती दिले याची नोंदही नाही.

घरपट्टीचं मात्र तसं नाही. तो बोजा घरावरच असतो. घर आपल्याकडे आलं की तोही येतो. म्हणून ते टाळून चालणार नाही हे आम्ही मान्य केलं. आणि खरं सांगायचं तर टाळावं असंही मला वाटत नाही. आपल्या गल्लीतला नळ, गटार, दिवे याच पैशावर चालतात. ‘घरपट्टी भरू नका’ अशी घोषणा मी देणार नाही. माझं भांडण शास्तीच्या दराशी आहे आणि बिलावरच्या नावाशी आहे.

आम्ही हप्त्यांचा अर्ज केला. पहिल्याच हप्त्याला कारकुनांनी रक्कम शास्तीपोटी जमा धरायला घेतली. आम्ही थांबवलं. असं केलं असतं तर मुद्दल तसंच राहिलं असतं आणि त्यावर महिन्याला दोन टक्के चालूच. ‘ही रक्कम अमुक वर्षाच्या मुद्दलापोटी’ असं लेखी दिलं, पावतीवर लिहून घेतलं. त्यालाही दोन खेपा झाल्या. मी, धाकटी बहीण आणि आई, तिघींनी मिळून दीड वर्षात २१,६०० फेडले, आणि चालू वर्षाची पट्टी वेळेत भरत गेलो. शास्तीचे २८,२२४ अजून उभे आहेत. नगरपालिका क्षेत्रातली शास्ती अंशतः किंवा पूर्ण माफ करता यावी म्हणून अभय योजना आणण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये घेतला. त्यानुसार आईने स्वतःच्या सहीने अर्ज केला आहे. उत्तर अजून आलेलं नाही. तेव्हा आमची गोष्ट गोड शेवटाची आहे असं समजू नका.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आम्ही वारस नोंद केली. आता बिलावर पहिलं नाव आईचं आहे, मागे आम्हा दोघी बहिणींचं. घरपट्टीच्या नोंदवहीत नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही, हे लक्षात ठेवा. त्यासाठी मिळकत पत्रिकेवर नाव चढवावं लागतं, तेही आम्ही केलं. पण बिलावर नाव असलं की बिल तिच्या हातात येतं, आणि ते फोडायचा तिला संकोच वाटत नाही. हक्कसोडपत्र घेऊन आलेले ते नातेवाईक आता आमच्याकडे फारसे येत नाहीत.

आता संघटनेत काय करता येईल ते बोलू आणि मी थांबते.

दर वर्षी मार्च महिन्यात वसुलीची माणसं फिरतात, गावात भोंगा लावतात, चावडीवर थकबाकीदारांच्या नावाचे फलक लागतात. बायका मार्चमध्ये घाबरतात आणि घाबरून सावकाराकडे किंवा मायक्रोफायनान्सकडे जातात. चोवीस टक्क्यांचं देणं फेडायला त्याहून महाग कर्ज काढतात. म्हणून आपण हे काम मार्चमध्ये नव्हे, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करू. गटाच्या बैठकीत एक दिवस ‘पाकीट फोडायचा दिवस’ ठेवू. प्रत्येकीने घरातलं बिल आणायचं. गावात असेल तर नमुना आठचा उतारा आणायचा आणि भरलेल्याच्या पावत्या आणायच्या. तीन रकाने करायचे: मुद्दल, शास्ती किंवा दंड, आणि भरलेले. चौथा रकाना नावाचा. बिलावर कोणाचं नाव आहे? तो जिवंत आहे का? त्याच्याबरोबर बाईचं नाव आहे का? गावातल्या घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करावी असं परिपत्रक ग्रामविकास खात्याने २००३ मध्येच काढलं आहे. ते दाखवून अर्ज द्यायचे, एकटीने नाही, पंधरा-वीस जणींनी एकदम.

जप्तीची भीती दाखवली तर कागद मागा. आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग जप्तीचं अधिपत्र, असा क्रम आहे. तोंडी जप्ती नसते. महानगरपालिकांच्या कायद्यात तर स्पष्ट लिहिलं आहे की अंगावरचे गरजेचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आणि कारागिराची हत्यारं जप्त करायची नाहीत. आपापल्या गावाला कोणता कायदा लागतो तो वकिलाकडून वाचून घ्या. वकील परवडत नाही असं म्हणू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याखाली कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १५१०० हा दूरध्वनी क्रमांक प्रत्येकीने भिंतीवर लिहून ठेवा.

लोकअदालतीत घरपट्टीची प्रकरणं ठेवतात. जायला हरकत नाही, तिथे फी लागत नाही. पण सही करण्याआधी आकडा तपासा. लोकअदालतीचा निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील होत नाही. आमच्या त्या दोन वर्षांच्या पावत्या सापडण्याआधी आईने तिथे सही केली असती, तर चौदा हजार फुकट गेले असते.

आणि हक्कसोडपत्राचा कागद घरात आला की त्याच दिवशी गटाला कळवायचं. सही उद्या करता येते. केलेली सही परत घेता येत नाही.

सरकारकडे मागायच्या गोष्टी दोन-तीनच आहेत. शास्ती कोणत्याही परिस्थितीत मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये. घरातलं माणूस गेल्यावर वारस नोंद होईपर्यंत शास्ती थांबवावी, आणि ती नोंद करून घेण्याची जबाबदारी वसुली खात्याचीही असावी. मृत्यूचा दाखला तीच नगरपालिका देते, मग तिच्याच शेजारच्या टेबलाला माणूस गेल्याचं कळू नये? आणि दिवाळखोरीचा कायदा साध्या माणसाला लागू कराल तेव्हा घर असलेल्या गरीब बाईलाही त्यात जागा ठेवा.

गेल्या महिन्यात आईकडे गेले होते. नव्या वर्षाचं बिल आलं होतं. मशीनशेजारी खिळ्याला लावून ठेवलं होतं, सगळ्यांना दिसेल असं. मी विचारलं, “हे इथे का लावलंस?” ती म्हणाली, “माझ्या नावाने आलंय. पेटीत कशाला ठेवू?”

घरी गेल्यावर आपापल्या पेट्या उघडा. पुढच्या बैठकीला कागद घेऊन या. मी कॅल्क्युलेटर घेऊन येते.